सोळा भाज्या आणि शास्त्रापुरतं

ज्यांना पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात त्यांना आपण महालक्ष्म्या म्हणतो. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. पंचांगाच्या हिशेबाने सण तीन दिवसांचा. पण परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा, जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या बाईला विचारा. तिच्या हिशेबाने तो पंधरा-वीस दिवसांचा असतो. तो हिशेब तिला कुणी विचारत नाही, म्हणून इथे मांडते आहे.

सुरुवात अनारशापासून करू. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास धरतात. मग निथळून सावलीत फडक्यावर पसरायचे. कडक वाळू द्यायचे नाहीत, दमट असतानाच कुटायचे, बारीक चाळायचे, गूळ मिसळून गोळा डब्यात दाबून ठेवायचा. चार-सहा दिवसांनी तो मुरला की खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचा. गूळ जरासा जास्त झाला की अनारसा तुपात फुटून पसरतो. त्याला आपल्याकडे अनारसा 'हसला' म्हणतात. अनारसा हसला की घरातलं कुणीतरी बाईला हसतं.

पुढे फुलोरा. करंज्या, साटोऱ्या, पिठाची वेणी, फणी, हे सगळं तळून दोऱ्यात ओवून महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचं. तेही भाद्रपदातल्या दमट हवेत मऊ न पडेल असं. शिवाय लाडू, शेव, चकल्या. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, आणि दुसऱ्या दिवशी खरी कसोटी. हरभऱ्याची डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून आटवायची. उलथनं पुरणात उभं राहीपर्यंत ढवळत बसायचं आणि अंगावर उडणारे चटके सोसायचे. मग वाटायचं. किलोभर डाळीच्या पंचवीस-तीस पोळ्या होतात. दहा-पंधरा सवाष्णी आणि घरची-पाहुण्यांची पंगत धरली तर किलोभर डाळ कुठेच पुरत नाही. पोळीबरोबर गुळवणी, कटाची आमटी, ज्वारीची आंबील, कढी, पंचामृत, वडे, भजी, कुरडया आणि सोळा भाज्या. नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्त्यांत एवढ्या स्वैपाकाची भांडी म्हणजे वेगळंच प्रकरण. खेड्यात याच दिवसांत मूग-उडीद तोडणीला येतात. शेतमजूर बाई दिवसा रोजाने जाते आणि रात्री करंज्या भरते.

पुरणपोळीशी माझं भांडण नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. आपल्या चळवळीत एक काळ असा होता की सणाचं नाव काढलं तरी काहीजणी नाक मुरडत. त्यामुळे गावातल्या बायका आपल्यापासून चार पावलं लांबच राहिल्या. अनारशाचं पीठ बोटांनी ओळखणं ही विद्या आहे. कुठल्या कॉलेजात ती शिकवत नाहीत, आणि सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ती तोंडी जात आली आहे. सोळा भाज्यांतही शेतीचं ज्ञान आहे. भाद्रपदात परसात, बांधावर जे जे उगवतं त्याची ती मोजदाद. दोडका, भोपळा, पडवळ, गवार, भेंडी, अंबाडी, चुका, अळू. वर्षातून एकदा तरी हे सगळं ओळखावं, शिजवावं, हे ज्या बायांनी ठरवलं असेल त्या शहाण्या होत्या.

प्रश्न वेगळाच आहे. या स्वैपाकात गेल्या पन्नास वर्षांत काय बदललं आणि काय बदललं नाही, ते एकदा शेजारी शेजारी ठेवून बघू.

पाट्यावरचं पुरण आधी पुरणयंत्रात गेलं, मग मिक्सरमध्ये. चूल जाऊन गॅस आला. साजूक तुपातलं तळण वनस्पती तुपात आणि मग रिफाइंड तेलात गेलं. चकलीची भाजणी पुडीत मिळते, अनारशाचं तयार पीठही मिळतं. मुखवटे पितळेचे होते, आता फायबरचेही आले. मखराला विजेच्या माळा लागल्या. यातल्या एकाही गोष्टीने परंपरा बुडाली असं कुणी म्हटलं नाही. देवीने तक्रार केल्याचंही ऐकिवात नाही.

आणि आपल्या आज्यांनी तर एक फार मोलाचा शब्द घडवून ठेवला आहे: शास्त्रापुरतं. सोळा भाज्या बाजारात मिळाल्या नाहीत, किंवा महाग झाल्या, तर एकेकीचा तुकडा घालून एकच भाजी करायची. झाल्या सोळा! पंचामृत शास्त्रापुरतं वाटीभर. आंबील शास्त्रापुरती. साटोऱ्या पाच, शास्त्रापुरत्या. हे शास्त्र कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. ते थकलेल्या बायकांनी स्वैपाकघरात केलेलं आहे, आणि ते सगळ्यांना मान्य आहे. म्हणजे परंपरा चांगलीच लवचिक आहे. तेल बदलतं, भांडं बदलतं, संख्या बदलते.

मग बदलत काय नाही? पाळी आलेल्या बाईने शिवायचं नाही, हे बदलत नाही. नवरा गेलेल्या बाईने महालक्ष्मीला कुंकू लावायचं नाही, हे बदलत नाही. करणारीने शेवटी जेवायचं, हेही नाही. इथे शास्त्रापुरतं हा शब्द कुणाच्या तोंडून येत नाही. मला तर यावरून असंच दिसतं की परंपरा म्हणून जी राखली जाते ती पुरणपोळी नव्हेच.

पाळीचं घ्या. महालक्ष्म्यांची तारीख कळली की घराघरातल्या बायका दुसरी तारीख मोजायला लागतात. ती जवळ येत असेल तर औषधाच्या दुकानातून गोळ्या येतात. बऱ्याचदा बाई स्वतः जातही नाही, मुलगा किंवा नवरा घेऊन येतो. पाळीचं नाव ज्या घरात मोठ्याने काढत नाहीत त्या घरातले पुरुष ती पुढे ढकलण्याची गोळी मात्र बिनदिक्कत आणून देतात. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नये असा नियम आहे. औषध म्हणून ते वाईट नाही. अतिरक्तस्रावासारख्या तक्रारीत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात. पण ज्या बाईला कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, यकृताचा आजार असेल, तिला ते धोक्याचं आहे. अनेकींना मळमळ होते, डोकं दुखतं, छाती दुखते, पुढची पाळी विस्कटते. दुकानदार यातलं काही विचारत नाही. श्रावणातल्या मंगळागौरीला, महालक्ष्म्यांना, नवरात्राला, घरच्या लग्नाला अशा वर्षातून तीन-चार वेळा गोळ्या खाणाऱ्या बाया आपल्या ओळखीत आहेत. एखादीने स्वतःच्या परीक्षेसाठी, प्रवासासाठी डॉक्टरला विचारून गोळी घेतली तर तो तिचा निर्णय. इथे निर्णय तिचा नसतो. ती बाजूला बसली तर स्वैपाक कोण करणार, या एका प्रश्नासाठी ती गोळी असते. विटाळ देवीला होतो असं म्हणायचं, आणि सोय मात्र घराची बघायची.

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९ साली चव्हाट्यावर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली. आपल्या जिल्ह्यातूनही कोयते जातात. दोन गोष्टींची बरोबरी करत नाही. शस्त्रक्रिया कुठे आणि चार दिवसांची गोळी कुठे! पण विचार एकाच कुळातला आहे. बाईचं शरीर कामाच्या आड येतं, तर काम बदलायचं नाही, शरीर बदलायचं. तिथे मुकादमाचा खाडा, इथे देवीचा विटाळ.

आता नवरा गेलेली बाई. तिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण पुरण बहुतेक वेळा तिनेच वाटलेलं असतं. घरातली थोरली जाऊ असते, आत्या असते, कधी पंचविशीतली सून असते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आपल्या मराठवाड्यात तरुण विधवा किती केल्या हे गावोगाव दिसतं आहे. तिने भाज्या चिराव्यात, भांडी काढावीत, पोळ्या लाटाव्यात. त्या पोळीचा नैवेद्य चालतो. नैवेद्याचं ताट देवीपुढे मात्र दुसरीने न्यायचं. सवाष्णींच्या पाटावर तिला जागा नाही, हळदीकुंकवात तिचं नाव नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला. चांगली गोष्ट आहे. पण परिपत्रक स्वैपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबतं. त्याच्या आत कोण कुणाला पाट मांडतं हे आपल्याच हातात आहे, आणि तिथे आपण, म्हणजे सवाष्ण बायका, पुरुषांच्या वर कडक असतो. याचा दोष एकट्या पुरुषसत्तेवर टाकून मोकळं होता येणार नाही.

पंगतीचं सगळ्यांना माहीत आहे. नैवेद्य होईपर्यंत करणारीने तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. नैवेद्य दुपारी. मग सवाष्णी, मग पुरुष, पोरं, पाहुणे. करणारी पानावर बसते तेव्हा चार-पाच वाजलेले असतात आणि पोळी तिला जात नाही. जाईल कशी, सकाळपासून तुपाचा धूर पोटात गेलेला असतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण आलं, २०१८ साली. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. त्याची आंबील करावी, जरूर करावी. फक्त ती सगळ्यात आधी कुणाच्या वाटीत पडते तेही बघावं.

या कष्टांची किंमत कुणी कधी केलीच नाही असं मात्र नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या एका खटल्यात घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला काही मोल नसल्यासारखं वागवण्यावर टीका केली. जनगणनेत अशा बायकांना काम न करणाऱ्यांत, भिकारी आणि कैद्यांच्या ओळीत बसवलं जातं, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये याच न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात घरकामाचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई ठरवली आणि २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला. त्या पाहणीत घरच्या बिनपगारी कामावर बाई दिवसाला २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७, असं निघालं होतं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाची नऊ. मिक्सरचं श्रेय मिक्सरला द्यायला हवं! आणि ही सरासरी वर्षभरातल्या कुठल्याही दिवसाची. ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवसाचा हिशेब कुणी घेतला तर चोवीस तासच अपुरे पडतील. शिवाय बाईच्या घरकामाची किंमत कोर्टात ठरते ती ती मेल्यावर, हेही लक्षात घ्या.

'एवढा त्रास होतो तर विकत आणा,' हे उत्तर आता शहरात सर्रास ऐकू येतं. आणतातही. चकल्या-अनारसे तर आणतातच, पोळ्याही आणतात. मला त्यात पाप दिसत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि लिज्जत उभं राहिलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. लाटणं हातात असलेल्या बाईला त्यातून पैसा आणि पत मिळाली. आपल्याकडचे बचत गटही दिवाळीचा फराळ करतात. पण विकत आणणारीने जरा पुढे बघावं. तुमच्या घरच्या पंचवीस पोळ्या जी लाटते तिच्याही घरी त्याच दिवशी महालक्ष्म्या असतात. तुमच्या पोळ्या पहाटे, तिच्या घरच्या मध्यरात्री. काम नाहीसं झालं नाही, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेलं. मिठाईच्या दुकानात छापील भाव मुकाट्याने देणारे आपण तिच्याशी मात्र पोळीमागे दोन रुपयांची घासाघीस करतो. आणि भांडी घासायला येणारी बाई वेगळ्याच जातीची असली तर तिला मांडणीच्या खोलीत येऊ देत नाहीत अशी घरं आजही आहेत. सोवळं पाळीपुरतं कधीच नव्हतं.

सणाचं जेवण म्हणजे पुरणपोळी, हे समीकरण तरी कुणाचं? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची मांडणी केली आहे. ज्यांच्या घरात तूप-गूळ क्वचितच यायचा त्यांचंही सणासुदीचं एक जेवण होतं, त्यातही हात आणि अक्कल होती. मासिकांच्या पाककृती विशेषांकांत ते आलं नाही, एवढंच. आणि परभणीच्या मोहल्ल्यांत ईदचा चांद दिसला की खारका भिजवून, बदाम सोलून काप करत रात्र जागवणाऱ्या बायका आहेत. सकाळी पुरुष इदगाहला जातात, परत येतात तेव्हा शीरखुर्मा तयार असतो. त्या बायकांशी या विषयावर बोललं की पाच मिनिटांत गट्टी जमते.

जगातही हेच आहे. एकेकाळी आपल्या मोर्चांत ज्या व्हिएतनामच्या नावाने घोषणा व्हायच्या, तिथे तेत म्हणजे नवं वर्ष आलं की बान्ह चुंग करतात. चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचं मांस पानांत चौकोनी बांधायचं आणि दहा-बारा तास उकळायचं. रात्रभर भांड्याखालचा जाळ राखायला घरातले सगळे, पुरुषही, बसतात, हे मला त्यातलं विशेष वाटतं. बाकीच्या स्वैपाकातून तिथल्या बायका सुटल्या आहेत असं नाही. कोरियात सणाच्या कामाने सुनांना येणाऱ्या आजारपणाला चक्क नाव आहे, 'सणाचा आजार'. तिथल्या सुंगक्युन्क्वान या कन्फ्यूशियसच्या आचारधर्माच्या मुख्य संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की पितरांच्या ताटाला तळलेले पदार्थ करायची गरज नाही, नऊएक पदार्थ पुरेत. धर्माच्या म्हाताऱ्यांनी स्वतः सांगितलं! आपल्याकडे कुणी शास्त्री असं पत्रक काढील ही वाट बघत बसू नये. आपल्या आज्यांचा शब्द आहेच.

पुरुषांना जमत नाही, हे तर सांगूच नका. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. शेवटच्या दिवशी अख्ख्या गावाचं जेवण असतं, आणि डोक्याला उपरणं बांधून भल्या मोठ्या कढईत भाजी ढवळणारे सगळे बाप्ये असतात. लग्नातले आचारी पुरुष असतात आणि पैसे मोजून घेतात. हजार माणसांची बुंदी पाडणाऱ्या हाताला घरचं पुरण का वाटता येत नाही? मिक्सर तर आहेच. सप्ताहातलं ढवळणं ही सेवा आणि घरातलं ढवळणं हे बायकी काम, एवढाच काय तो फरक.

तेव्हा यंदा घरात बोलायचं असेल तर महालक्ष्म्या बसायच्या आधी बोला, त्या दिवशी नव्हे. त्या दिवशी कुणी ऐकत नाही. भाज्यांच्या संख्येवर वाद घालू नका, तो आज्यांनी सोडवला आहे. सोवळं शास्त्रापुरतं करा, आणि शास्त्रापुरतं म्हणजे आंघोळ करून स्वच्छ हाताने, इतकंच. बाजूला बसायची ज्या बाईची इच्छा नाही तिला बसवू नका. विश्रांती हवी असेल तर ती बसेल, आणि पोळ्या पोराने लाटाव्यात. वाकड्या होतील. घरातली नवरा गेलेली बाई असेल तर पहिला पाट तिचा. ही गोष्ट सासूला सांगणं सगळ्यात अवघड आहे, पण कधी कधी ती सासूच त्या जागेवर असते आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं. नैवेद्य सकाळी दहाला दाखवा. देवीची जेवायची वेळ कुठल्याही पंचांगात छापलेली नाही. आणि नैवेद्याआधी करणारीने चहा-भाकरी खाऊन घ्यावी.

पुढच्या अंकासाठी आम्हाला पाककृती पाठवा. अनारशाची, आंबिलीची, येसराची, शीरखुर्म्याची, जी तुमची असेल ती. साहित्य आणि प्रमाण लिहाल तिथेच हेही लिहा: एकूण किती तास लागले, किती हात लागले आणि ते कुणाकुणाचे होते.